सहा जीबीचं कार्ड

"पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवणारा माणूस मला चालणार नाही," असं मी श्रेयांसला फोनवर सांगितलं, तेव्हा आमचा साखरपुडा होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

तो हसला. माणूस की मशीन, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. मग त्याला समजावून सांगितलं. आमच्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं रंगीत दिव्यांवर आणि काचेच्या कॅबिनेटवर पैसे उडवतात आणि ज्या डब्यातून सगळ्या मशीनला वीज जाते तो डबा मात्र स्वस्तातला उचलतात. सहा महिन्यांत तो जळतो आणि जाताना शेजारच्या दोघा-तिघांना घेऊन जातो. श्रेयांस ऐकत होता. मधूनच 'बरं', 'असं का' म्हणत होता. तोवर कुठल्याच पुरुषानं मला माझ्या कामातलं एवढं सलग बोलू दिलं नव्हतं.

हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सांगलीत मुलाणी सरांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात चार वर्षं काम करत होते. विकायचं काम सरांचं, जोडायचं माझं. सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि माझ्या टेबलावरून चालू मशीन होऊन जायचे. मुलाणी सर गिऱ्हाइकाला सांगायचे, "त्रिशलानं जोडलंय, परत येणार नाही." यापेक्षा जास्त कौतुक ते करत नसत आणि मलाही लागत नसे.

घरी मी, आई आणि अण्णा. अण्णा मार्केट यार्डाजवळ हळद पॉलिश करायच्या कारखान्यात मुकादम होते. सदऱ्याच्या बाह्या कितीही धुतल्या तरी पिवळ्या. माझ्या लग्नाचा विषय त्यांच्या डोक्यात दोन वर्षं घर करून होता. तीन स्थळं येऊन गेली होती. एकानं विचारलं, दुकानात पुरुष किती असतात. दुसऱ्याच्या आईनं चहा पिता पिताच सांगून टाकलं, की आमच्याकडं सुना बाहेर जात नाहीत. तिसऱ्यांनी काहीच कळवलं नाही. तिसऱ्या वेळी अण्णा महिनाभर रोज संध्याकाळी फोन समोर घेऊन बसायचे.

चौथं स्थळ जयसिंगपूरच्या बिरनाळ्यांचं. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीला, वडील बाबासाहेब बिरनाळे पतसंस्थेतून निवृत्त झालेले. पहिल्या भेटीत श्रेयांस फारसा बोलला नाही. दिसायला बरा, स्वभावानं शांत. अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आणखी एकदा भेटू दे, मग सांगते. अण्णांना ते आवडलं नाही, पण त्यांनी जयसिंगपूरला जाऊन पुढची भेट ठरवून आणली.

दुसऱ्यांदा आम्ही दोघंच गणपती पेठेतल्या एका रसाच्या दुकानात भेटलो. इकडचं-तिकडचं झालं आणि त्यानं अचानक विचारलं, "मला गेम खेळायला चांगलं मशीन घ्यायचंय. रेडीमेड नको. तू माझ्यासाठी असेंबल करशील?"

मी रसाचा ग्लास खाली ठेवला. कुठले गेम खेळता, पडदा किती मोठा हवा, पुण्याला खोलीत जागा किती आहे, सगळं विचारलं. त्यानं नीट उत्तरं दिली. खोटा आव नव्हता, त्याला खरंच खेळाचं वेड होतं. निघताना म्हणाला, "तुम्ही-तुम्ही काय करतेस, तू म्हण की." त्याच संध्याकाळी मी अण्णांना होकार दिला.  अण्णांनी नुसता मोठा श्वास घेतला आणि हातपाय धुवायला गेले.

मग पाच आठवडे आमची यादी चालली. बाकीच्या मुली त्या दिवसांत काय बोलतात मला माहीत नाही. आम्ही प्रोसेसर बोललो. त्यानं पासष्ट हजारांत बसव म्हणून सांगितलं होतं आणि मी ते आव्हानच धरलं. त्याला दिव्यांचं कॅबिनेट हवं होतं, ते मी काढून टाकलं. त्याला भलताच महागडा मदरबोर्ड हवा होता. मी सांगितलं, यातल्या निम्म्या सोयी तू जन्मात वापरणार नाहीस. तो म्हणाला, बरं बाई. कोल्हापूरच्या होलसेलवाल्याशी मी दोनदा भांडले. मुलाणी सरांना सांगितलं, यात दुकानाचा नफा धरायचा नाही. सर म्हणाले, धरला नाही.

अडलं ते ग्राफिक्स कार्डावर. खेळातलं चित्र रंगवायचं काम या कार्डाचं. गेमच्या मशीनचा जीव तोच. तेव्हा एकाच नावाची दोन कार्डं मिळायची, एक तीन जीबीचं आणि एक सहा जीबीचं, आणि त्या वर्षी दोन्हींच्या किमती भडकल्या होत्या. श्रेयांस म्हणाला, तीनचं घेऊ, चालून जाईल. मी ऐकेना. दोन वर्षांत नवे गेम आले की हे कार्ड धापा टाकणार, मग तू रडत बसणार, असं मी त्याला तीन दिवस सांगत होते. पैसे घालायचे तर इथंच घाल, बाकी कुठंही काप.

तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "बजेटचं बघून सांगतो." आणि दोन दिवसांनी सांगायचा. मला वाटायचं, माणूस उधळ्या नाही, विचार करून खर्च करतो. एकदा त्यानं असंही म्हटलं, "किमतीचं घरी काही बोलू नकोस हं. मोठ्या माणसांना खेळण्यावर एवढे पैसे पटत नाहीत." मला तेही आवडलं. आमच्या दोघांतलं असं पहिलंच गुपित होतं ते.

किंमत सोडून बाकी सगळं मी घरी बोलायचे. जेवताना, भांडी घासताना, कार्ड, कार्ड आणि कार्ड. एका रविवारी ताटावर बसलेले अण्णा म्हणाले, "मधल्या प्रतीचं नाही का चालत, त्रिशला? एवढं भारीतलंच कशाला?"

मी म्हटलं, "अण्णा, मी तुम्हाला हळदीतलं शिकवते का?"

"नाही बाई," म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

दोन दिवसांनी श्रेयांसचा फोन आला. सहा जीबीचं घेऊ म्हणाला. यादी पासष्टवरून ब्याऐंशीवर गेली होती. मी दुकानात सगळ्यांदेखत टाळी वाजवली.

लग्न वैशाखात होतं. चैत्रातल्या एका रविवारी श्रेयांस पुण्याहून आला. दुकान रविवारी बंद असतं, पण मुलाणी सरांनी माझ्यासाठी उघडलं. सकाळी दहाला मी खोकी फोडायला घेतली. श्रेयांस समोरच्या स्टुलावर बसून बघत होता, मोबाइलवर फोटो काढत होता. प्रोसेसर बसवताना मी त्याला श्वाससुद्धा घेऊ नकोस म्हटलं आणि त्यानं खरंच नाही घेतला. वायरी मी मागच्या बाजूनं अशा ओढल्या, की पुढून एकही दिसत नव्हती. साडेबाराच्या सुमाराला बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. मुलाणी सरांनी पेपर खाली केला, पडद्याकडं पाहिलं आणि पुन्हा पेपर वर केला. त्या दिवशी मी किती खूश होते, हे मी नंतर कुणालाच सांगितलं नाही.

तेवढ्यात दारात अण्णा दिसले.

चार वर्षांत अण्णा दुकानात आले नव्हते. आज त्यांनी बस्तीला, आमच्या जैन मंदिरात, जाताना घालायचा पांढरा सदरा घातला होता आणि बगलेत रेक्झिनची पिशवी होती. मला वाटलं, घरी आईनं जावयासाठी पुरणपोळ्या केल्यात, उशीर झाला म्हणून न्यायला आले. पण मग मी श्रेयांसकडं पाहिलं. तो उठून उभा राहिला होता, "या अण्णा," म्हणत त्यानं आपलं स्टूल पुढं सरकवलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं.

मुलाणी सर म्हणाले, "या मगदूमसाहेब. लेकीचं काम बघायला आलात?"

अण्णा हसले. म्हणाले, "बिल तयार आहे का?"

मला वाटलं, काहीतरी गैरसमज होतोय. मी म्हटलं, "अण्णा, हे श्रेयांसचं मशीन आहे. त्याचे पैसे तो देणार."

अण्णांनी श्रेयांसकडं पाहिलं. श्रेयांसनं पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं, थांबा, थांबा करत.

"तुला माहीत नव्हतं?" श्रेयांस म्हणाला. "मला वाटलं, अण्णांनी सांगितलं असेल."

"मग किमतीचं घरी बोलू नकोस असं का सांगत होतास?"

त्यानं मोबाइल खिशात घातला. अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, की घरी जाऊन बोलू, दुकानात नको. मी म्हटलं, इथंच बोला. माझा आवाज चढला असणार, कारण मुलाणी सर उठले आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. बाहेरच्यांना आता फक्त आमचे पाय दिसत असतील.

मग अण्णांनी सांगितलं. बिरनाळ्यांनी रोख काही मागितलं नव्हतं, पण चारचाकी म्हणाले होते. मुलाला पुण्यात लागते म्हणाले. अण्णांनी तासभर घासाघीस केली. सांगताना त्यांच्या आवाजात लाज नव्हती. एखादा सौदा अंगाशी येता येता कसा वाचवला हे माणूस ज्या सुरात सांगतो, तो सूर होता.

"मुलाला कॉम्प्युटरवर खेळायचा नाद आहे हे बोलता बोलता निघालं," अण्णा म्हणाले. "मीच म्हटलं, मग गाडी कशाला? आमच्या मुलीच्या हातात कला आहे. त्यांना पाहिजे तसं मशीन ती करून देईल. साठ-पासष्टात भागेल. तुला दुकानात कमी दरात मिळतं, तेही डोक्यात होतं."

"हे कधी ठरलं?"

"तुम्ही दुसऱ्यांदा भेटलात ना, त्याच्या आदल्या रविवारी."

म्हणजे रसाच्या दुकानात त्यानं मला जे विचारलं, ते तोवर ठरून गेलं होतं. ज्या एका प्रश्नासाठी मी या माणसाला होकार दिला, तो प्रश्न माझ्या बापानं जयसिंगपुरात बसून पक्का केला होता. आणि त्यानंतर पाच आठवडे मी माझाच हुंडा होलसेलवाल्याशी भांडून, एकेक भाग निवडून, हौसेनं गोळा करत होते. बजेटचं बघून सांगतो, म्हणजे तो जयसिंगपूरला विचारणार, जयसिंगपूरचे अण्णांना विचारणार, आणि अण्णा आमच्या ताटावर बसून मला विचारणार, मधल्या प्रतीचं नाही का चालत.

श्रेयांस म्हणाला, "अगं, शेवटी आपल्याच घरात येणार ना ते. आम्ही हुंडा म्हणून एक रुपया घेतलेला नाही."

मी त्याच्याकडं बघत राहिले, म्हणून त्याला आणखी बोलावंसं वाटलं असेल.

"आणि कार्ड तर तूच वाढवलंस," तो म्हणाला. "मी तीन जीबीवर तयार होतो."

ते खरं होतं. ते खोटं असतं तर कदाचित मी रडले असते, घरी गेले असते, आणि वैशाखात लग्न झालं असतं. पण ते अक्षरशः खरं होतं. माझ्या बापाच्या पिशवीतले वरचे सतरा हजार मी स्वतः, टाळी वाजवून, बाहेर काढले होते. माझ्या डोक्यात काहीतरी पांढरं झालं. असा राग मला त्याआधी आला नव्हता आणि नंतरही नाही. हात मात्र कापत नव्हते. माझे हात कामाला बसले की कापत नाहीत.

मी बटण दाबून मशीन बंद केलं. मागची वायर ओढली. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कॅबिनेटची बाजू उघडली.

"काय करतेस?" श्रेयांस म्हणाला.

मी आधी कार्ड काढलं. सहा जीबीचं. त्याच्या चंदेरी पिशवीत घातलं, पिशवी खोक्यात घातली, खोक्याचं झाकण लावलं. मग रॅम. मग डिस्क. खोकी सगळी शाबूत होती. आठ दिवसांत आणि खोक्यासकट परत केलं तर होलसेलवाला माल घेतो हे मला माहीत होतं, आणि त्याच्याशी भांडायची आता मला सवयही झाली होती.

श्रेयांसनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, समजूत घातल्यासारखं.

"हात काढा," मी म्हटलं.

ते 'काढा' त्याला कळलं. त्यानं हात काढला. मग त्यानं विचारलं, "लग्न मोडतेस, असं धरू का?"

"धरा."

तो अण्णांकडं वळला, आता तुम्ही बोला अशा नजरेनं. अण्णा म्हणाले, "त्रिशला, बास कर. लोक काय म्हणतील." मी पंखा सोडवत होते. ते पुन्हा म्हणाले, "मी तुझ्यासाठीच केलं ना."  मग ते त्या स्टुलावर बसले आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्या हातांकडं बघत राहिले. श्रेयांस शटरखालून वाकून बाहेर गेला. जाताना त्यानं यादीचा कागद टेबलावरून उचलून खिशात घातला. ते मी पाहिलं. 

मुलाणी सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्या सगळ्या प्रकारात ते एकच वाक्य बोलले.

"प्रोसेसरवरची पेस्ट नीट पुसून दे. डाग दिसला तर परत घेणार नाहीत."

मी पुसायला घेतलं आणि तिथं चूक केली. प्रोसेसर उचलताना निसटला आणि मदरबोर्डवरची एक बारीक पिन वाकली. केसाएवढी असते ती पिन. सुईनं सरळ करायला गेले तर तुटली. तो बोर्ड परत गेला नाही. पुढच्या दोन पगारांतून मी त्याचे पैसे फेडले. सर नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

अण्णांच्या स्कूटरवर मागं बसून घरी गेले.  आई दारातच उभी होती. जावई कुठं आहेत, असं तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, येणार नाहीत. आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आत जाऊन पोळ्यांवरचं फडकं पुन्हा नीट घातलं. तिला चारचाकीचं माहीत होतं, कॉम्प्युटरचंही माहीत होतं, हे मला त्या फडक्यावरून कळलं.

चपला काढतोय तोच अण्णांचा फोन वाजला. बाबासाहेब बिरनाळे. श्रेयांसनं स्टँडवरूनच घरी कळवलं असणार. मी अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले. मला फक्त बघायचं होतं, हा माणूस आता काय बोलतो.

अण्णा फोनवर बोलताना उभे राहिले. समोर व्याही असल्यासारखे. हो, हो म्हणत राहिले. मग म्हणाले, "पोरीचं डोकं फिरलंय हो. मी समजावतो. मला चार दिवस द्या."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"मी त्रिशला बोलतेय," मी म्हटलं. "मशीन सुटं केलंय आणि लग्नही. चार दिवस लागणार नाहीत. अण्णांना पुन्हा फोन करू नका."

पलीकडं बाबासाहेब म्हणाले, की मोठ्यांशी बोलायची ही रीत नाही. मी म्हटलं, खरं आहे, आणि फोन ठेवला.

अण्णांचा हात वर गेला होता. सव्वीस वर्षांत त्यांनी मला मारलं नव्हतं आणि त्या दिवशीही मारलं नाही, पण हात वर गेला होता. मी मागं सरले नाही. मी म्हटलं, "तुम्ही मला विकत होता, आणि भाव मलाच करायला लावलात." ते म्हणाले, "तीन ठिकाणांहून नकार आला होता. रोज घरी येऊन तुझ्या तोंडाकडं बघायचो मी. काय करायचं होतं मी, सांग." मी म्हटलं, "मला विचारायचं होतं." आई मधे पडली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. पोळ्या दुसऱ्या दिवशी शेजारी गेल्या.

अण्णा माझ्याशी पाच महिने बोलले नाहीत. मग एकदा त्यांच्या मोबाइलमध्ये आवाज येईना, तो माझ्यापुढं सरकवला आणि आमचं पुन्हा सुरू झालं. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. दोन वर्षांनी मी विश्रामबागला स्वतःचं छोटं दुकान टाकलं, मुलाणी सर पहिल्या मालाला जामीन राहिले. पुढं लग्नही झालं, माझं मी ठरवलेलं, त्याची कथा वेगळी. अण्णा आता निवृत्त आहेत. दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतात, गिऱ्हाइकांना पाणी देतात. माझा राग गेला का, असं आई कधीकधी विचारते. मी तिला सांगते, तू विचारू नकोस.

गेल्या वर्षी कुरुंदवाडला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. दुसऱ्या पंगतीला मी वाढत होते. अण्णांच्या शेजारी हिप्परगी नावाचे एक गृहस्थ बसले होते, नात्यातले, पण लांबचे. त्यांच्या मुलीचं जमत आलं होतं आणि पलीकडचे लोक 'भेट' म्हणून काहीतरी मागत होते. काय मागत होते ते माझ्या कानावर आलं नाही. ते चिंतेत होते, भात नुसता चिवडत होते. अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"वाकायचं नाही," अण्णा म्हणाले. "आमच्या त्रिशलाच्या वेळी मी काय केलं? सरळ सांगितलं व्याह्यांना. एक पैसा देणार नाही, लग्न मोडलं तर मोडू दे."

मी त्यांच्या मागेच उभी होते, हातात आमटीची बादली. सात वर्षं मी त्यांच्या तोंडून एका वाक्याची वाट बघत होते, तुझं बरोबर होतं, असं काहीतरी. ते वाक्य त्यांनी अखेर उच्चारलं, पण भलत्याच माणसाला, आणि स्वतःच्या नावावर.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही चार दिवस मागितले होते."

पंगतीतले आजूबाजूचे दोघं-चौघं वळून बघायला लागले. अण्णांनी मान वर केली नाही. त्यांचा कान लाल झाला होता, म्हातारपणी माणसाचे कान पातळ होतात, लाली लगेच दिसते. ते हिप्परग्यांना म्हणाले, "हो. मागितले होते." आणि मग अगदी हळू, "मी काही केलं नाही. तिनं केलं."

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्यांनी ते तरी माझ्याकडं बघून म्हणावं, एवढंच मनात आलं, आणि बादलीची कडी माझ्या हातात रुतत राहिली.

हिप्परगी आता अण्णांकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. "मग तुम्ही काय केलंत ताई?" त्यांनी विचारलं.

मी बादली खाली ठेवली.

"ते सांगते," मी म्हटलं. "आधी तुम्ही सांगा, ते लोक काय मागतायत, हे तुमच्या मुलीला माहीत आहे?"

त्यांनी पानाकडं बघत नाही म्हणून मान हलवली. मग मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, बायकांच्या घोळक्यात हसत उभ्या असलेल्या हिरव्या साडीतल्या मुलीकडं त्यांची नजर गेली.

"बोलवा तिला इथं," मी म्हटलं.